नऊशे ग्रॅमचा फरक

साखळी, ५ ऑक्टोबर २०२४

गौरेश,

वर ‘चिरंजीव’ लिहायचं विसरलो असं समजू नकोस. धाकटा भाऊ असलास तरी मुद्दामच लिहिलं नाही. फोनवर मी ओरडतो आणि तू फोन ठेवून देतोस, म्हणून हा कागद. साखळीहून तुयेला टपाल पोचायला तीन दिवस लागतात म्हणे. खरं तर तुझ्या शेडमध्ये येऊन तुझी गचांडीच धरायची होती, पण पोरीला हॉस्पिटलातून घरी आणून आज तिसरा दिवस, आणि तिला एका हातानं केससुद्धा बांधता येत नाहीत.

तुझ्या कार्बनच्या फ्रेमनं माझ्या सुविधाचं खांद्याचं हाड मोडलं. समोरचे दोन दात गेले. एकवीस वर्षांची पोर. गेल्या रविवारी सकाळी ती खाणीच्या रस्त्यावर सरावाला गेली होती, रविवारी ट्रक नसतात म्हणून. उतारावर पाय आवळून वेग कमी करत होती. फिक्स्ड गिअरच्या सायकलला फ्रीव्हील नाही, चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार आणि ब्रेक म्हणजे स्वतःचे पाय, हे तुला शिकवायला नको. तेवढ्यात पेडलजवळची तिरकी नळी मोडली. आधी वाकली नाही, कुरकुरली नाही, एकदम मोडली. सायकल दुमडली आणि चाक फिरत होतं म्हणून पेडल तिचा पाय घेऊन फिरत राहिलं. पोटरीला आठ टाके आहेत.

तिला उचललं कुणी माहीत आहे? पोदेरानं. पावांची पाटी रस्त्याच्या कडेला ठेवून त्यानं तिला रिक्षात घातलं. तो माणूस रोज सकाळ-संध्याकाळ पाटीभर पाव घेऊन त्याच उतारावरून जातो. त्याची सायकल त्याच्या बापाच्या वेळची आहे. स्टीलची.

सायकलिंग संघटनेकडे मी लेखी तक्रार दिली आहे, तुटलेल्या नळीच्या फोटोसकट. तपासणी २२ नोव्हेंबरला पणजीत आहे. तोवर राज्याच्या संघाला दिलेल्या तुझ्या सहाही फ्रेम वापरायच्या नाहीत, असं त्यांनी कळवलं आहे. फ्रेम सदोष ठरली तर तुझ्याकडून पुन्हा कुणी घंटीसुद्धा विकत घेणार नाही. वेल्डिंगची टॉर्च तुझ्या हातात मी दिली, लोखंडावर फाइल कशी धरायची ते मी दाखवलं. ते सगळं सोडून तू कार्बनचं कापड आणि डिंक चिकटवायला गेलास. आता भोग.

सगुण


साखळी, १३ ऑक्टोबर

गौरेश,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळी! ‘दादा, सुविधा कशी आहे? फ्रेम आहे तशी ठेवा, कुणाला हात लावू देऊ नका. बाकी तपासणीत कळेल.’ वकिलाकडून लिहून घेतलंस काय? मी दोन पानं शिव्या लिहिल्या, त्यातल्या एकीला तरी उत्तर द्यायचं होतंस.

परवा प्रिया आली होती, पेजेचा डबा घेऊन. मी दारातूनच परत पाठवली. बिचारी म्हणाली, “भावजी, माझ्याशी बोला नाका, पण डबो तरी घेया. पोरीक चावूंक जमणा नाय.” नाही घेतला. तिचा काही दोष नाही हे मला कळतं. तुझी बायको आहे एवढाच दोष. नंतर तुझ्या वहिनीनं, विनोदिनीनं, मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

तू म्हणशील, दादाचा कार्बनवर पहिल्यापासून राग. आहेच. स्टील सांगून मोडतं. आधी रंग तडकतो, मग केसाएवढी रेघ दिसते, मग गंजाचा ओघळ येतो, आणि तरीही महिनाभर सांभाळून नेतं. मोडलंच तर मी पितळ ओतून जोडून देतो आणि जोड मूळ नळीपेक्षा पक्का होतो. तुझा कार्बन मोडला की कचऱ्यात. आणि हे सगळं कशासाठी? माझी फ्रेम दोन किलोची, तुझी अकराशे ग्रॅमची. नऊशे ग्रॅम! विनोदिनीच्या फडताळात साखरेचा डबा त्याहून जड आहे. तेवढ्यासाठी तू माझ्या पोरीला कापडाच्या नळीवर बसवलंस.

आणि दोन वर्षांपूर्वीची गणेशचवथ मी विसरलेलो नाही. गणपतीपुढं माटोळीखाली सगळं घर बसलेलं, काकी, आत्या, शेजारीपाजारी. कुणीतरी विचारलं, सगुणची सायकल चांगली की गौरेशची? तू म्हणालास, “दादाची फ्रेम शंभर वर्सां टिकतली, आणि शर्यतीत शंभरावी येतली.” घरभर हशा. सुविधासुद्धा हसली. पुढच्याच महिन्यात तिनं तुझी फ्रेम घेतली. तेव्हापासून या अपघातापर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही, आणि लोक म्हणतात सगुणला थट्टा कळत नाही. कळते. थट्टा कळली म्हणूनच बोललो नाही.

काल दसरा झाला. गॅरेजात सगळ्या हत्यारांना झेंडूचे हार घातले. टॉर्च, फायली, ड्रिल, फ्रेम बसवायचा सांगाडा. वस्तू आवळून धरायच्या वाइसला तेवढा नाही घातला. हार कमी पडला.

संध्याकाळी लाटंबार्सेला जाऊन गावच्या देवळात गाऱ्हाणं घातलं. तुझ्या कानावर येईलच, म्हणून मीच सांगतो. मी सांगितले तेच शब्द गुरवानं नारळ हातात धरून म्हटले: “बा देवा म्हाराजा, जेच्या हातान ह्या लेकराची सायकल बिघाडली, तेच्या हातांक परत काम मेळांक देव नको, रे म्हाराजा!” मागं पंधरावीस माणसं उभी होती. सगळी म्हणाली, “होय म्हाराजा!” गुरवानं विचारलं, नाव घ्यायचं काय? मी नको म्हटलं. शेवटी भाऊ आहेस. देवाला नाव न घेताही कळतं.

सगुण


साखळी, २७ ऑक्टोबर

गौरेश,

उत्तर नाही. बरं.

तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा विठू काल भेटला. सांगत होता की तुझ्याकडची दोन्ही माणसं गेली आणि तू एकटाच शेडचं शटर अर्धं उघडून बसलेला असतोस. मी त्याला म्हटलं, बसू दे. करावं तसं भरावं. मग चहा न घेताच मी उठलो. विठूला वाटलं मी त्याच्यावर चिडलो.

घरात विनोदिनी चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलते. देवळातलं तिला कुणीतरी शब्दन् शब्द सांगितलं. मला ताटावर बसवून विचारते, “आख्ख्या साखळीभर तुमी भावाचां नाव घेवन शिव्या देतात. मगे देवासमोर नाव कित्याक नाय घेतलात?” मी म्हटलं, भाऊ आहे म्हणून. तर म्हणते, “शिव्या देताना भाव नव्हतो?” आमटी वाढली आणि आत गेली. बायका कुठून काय काढतील सांगता येत नाही.

सुविधा तर तुझ्याविषयी चकार शब्द काढत नाही. मी तुला शिव्या द्यायला लागलो की उठून अंगणात जाते. तिला विचारलं, तपासणीला येशील ना, त्यांना तुझं तोंड दाखव. “येतंय,” म्हणाली, एवढंच.

तू विचारलेलं नाहीस, तरी एक सांगून ठेवतो. फोटोत तुटलेल्या नळीच्या जरा वर दोन वण दिसतात. ते जांभ्या दगडावर आपटल्याचे आहेत. तसं मी तक्रारीत लिहिलं आहे. खाणीच्या रस्त्याच्या कडेला जांभा दगड आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

आणि तू फ्रेमसोबत जो सूचनांचा कागद पाठवला होतास, तो मी वाचलेला नाही. ज्याच्या गॅरेजात तू शिकलास त्याला तू कागद लिहून पाठवतोस, फ्रेम कशी धरावी, पाना किती आवळावा! खाणीच्या ट्रकांच्या चॅसी मी जोडल्या आहेत. वीस टन माल घेऊन त्या पळाल्या. मला सायकल धरायला शिकवतोस? आजीला शिंकायला शिकव म्हणावं.

सगुण


साखळी, १० नोव्हेंबर

गौरेश,

काल संघटनेनं तुझ्या उत्तराची प्रत पाठवली. ‘फ्रेम माझ्या शेडमध्ये तयार झाली. जबाबदारी माझी. मला बाजू मांडायची नाही. तपासणीला हजर राहणार नाही.’

बाजू मांडायची नाही? मूर्खा, तुझे डोळे फुटले काय? तो फोटो तुला पाठवलेला आहे. त्यातले दोन वण तुला दिसले नाहीत? ते दोन्ही वण समांतर आहेत, एकाच लांबीचे आहेत. दगड असा मोजून मारत नाही. वाइसचे जबडे मारतात. ते वण ओळखायला तुला मीच शिकवलं, एका ट्रकवाल्यानं स्टीअरिंगचा दांडा आवळून चपटा केला होता तेव्हा. पहिल्या दिवशी फोटो बघितलास त्याच दिवशी तुला कळलं. म्हणून लिहिलंस ना, फ्रेमला कुणाला हात लावू देऊ नका? मला स्वतःहून सांगायची संधी देत होतास. आणि आता दादाची लाज राखायला स्वतःची शेड बुडवायला निघालास. कुणी सांगितलं होतं तुला? तुझा हा शहाणपणा मला तुझ्या थट्टेपेक्षा जास्त बोचतो. थट्टेवर चिडता तरी येतं.

तर आता ऐक, आणि मध्ये फोन करू नकोस.

पडली त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सुविधा सायकल घेऊन गॅरेजात आली. पेडल मारताना करकर वाजत होतं. म्हणाली, “काकाकडे व्हरूची होती, पण फाल्यां सकाळी सराव आसा.” काकाकडे! माझं गॅरेज घराला लागून आणि ही तीस किलोमीटर लांब काकाकडे निघाली होती. मला झोंबलं. म्हटलं, ठेव इथं, तासाभरात देतो.

पेडलचा आस ज्या कपात फिरतो तो कप अडकून बसला होता. तुझा कागद समोर भिंतीवर खिळ्याला लावलेला होता. विनोदिनीनं लावला होता, मी नाही. ‘नळी वाइसमध्ये धरू नये. फ्रेम फक्त सीटच्या दांड्याला धरावी. कार्बन लांबीत कितीही ताण घेतो, बाजूनं चिमटा घेत नाही.’ वाचला होता मी. पाठ होता, बघ, आत्ता न बघता लिहिला. वाचून वाचूनच मला राग येत होता. तीस वर्षं मी फ्रेम वाइसमध्ये धरत आलो, आणि ज्या फ्रेमला वाइस सोसत नाही ती फ्रेम कसली, असं मनात म्हणत मी नळीला गोणपाट गुंडाळला, वाइस आवळला, पान्याच्या दांड्यावर दोन फुटांचा पाइप चढवला आणि अंगचा जोर लावला.

कट् वाजलं. पापड मोडतो तसं. त्याच क्षणी कप सुटला, आणि मी स्वतःला सांगितलं की कप सुटल्याचा आवाज आहे. गौरेश, कप सुटताना कसा वाजतो हे मला झोपेत विचारलंस तरी सांगेन. तो आवाज वेगळा होता.

गोणपाट काढला तर नळीवर दोन बारीक रेघा. ओल्या फडक्यानं पुसल्या, नाही गेल्या. अंगठ्यानं दाबून बघितलं, काही हललं नाही. कप साफ केला, ग्रीस लावलं, बसवला. करकर थांबली. पोर खूश झाली. मी तिला सांगू शकलो असतो की उद्या जाऊ नको, आधी काकाला दाखव. तेवढं एक वाक्य. पण मग तुला फोन करावा लागला असता, आणि तू शांतपणे म्हणाला असतास, दादा, कागद वाचला होता ना? ते ऐकायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी पोरीला त्या सायकलवर जाऊ दिलं.

हार कमी पडला नव्हता. एक उरला होता. वाइसकडे बघायची हिंमत नव्हती.

देवळात माझ्यामागं पंधरावीस माणसांनी होय म्हाराजा म्हटलं. नाव घेतलं असतं तर खोटं पडलं असतं, म्हणून घेतलं नाही. माझंच गाऱ्हाणं मी माझ्यावरच घालून आलो. तेव्हापासून टॉर्च हातात धरली की माझी बोटं आखडतात. देवामुळे असेल नाहीतर साठीमुळे.

२२ तारखेला मी जातो आणि सांगतो. तू येऊ नकोस. आलास तर तुझ्यासमोर माझी जीभ उचलणार नाही, आणि तू परत मोठेपणा करशील.

सगुण


साखळी, ८ डिसेंबर

गौरेश,

तुझ्या सहाही फ्रेम मोकळ्या केल्याचं पत्र तुला मिळालं असेल. विठू म्हणाला, तुझा एक माणूस परत आला, दुसरा नाही. दुसऱ्याला मी घालवलं. तो परत येत नसेल तर त्याचं नाव मला कळव, मी जाऊन त्याच्या पाया पडतो. हे चिडून लिहीत नाही. चिडूनच लिहितो आहे, पण खरं आहे.

चुकलो. हा शब्द लिहायला तीन कागद फाडले. मला राग लिहिता येतो, हे येत नाही.

पणजीला सुविधाही सोबत होती, हात अजून पट्ट्यात. तपासनीस तरुण मुलगा होता, तुझ्याहूनही लहान असेल. तो तुटका तुकडा भिंगाखाली धरणार एवढ्यात मी म्हटलं, थांबा, भिंग कशाला, मी सांगतो. वाइस, गोणपाट, पाइप, आवाज, सगळं सांगितलं. तो लिहून घेत होता. मध्येच त्यानं विचारलं, सूचनांचा कागद मिळाला नव्हता का? मिळाला होता म्हटलं. वाचला नव्हता का? वाचला होता. त्यानं पेन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्याच्या जागी मी असतो तर शिवी दिली असती. त्यानं पाणी दिलं.

सुविधा बाजूच्याच खुर्चीत बसली होती. तिला हे सगळं तिथंच, परक्या माणसासमोर कळलं. घरी आधी सांगायला हवं होतं, विनोदिनीही तेच म्हणाली. दोन महिने एका छपराखाली राहून माझी हिंमत झाली नाही.

परतताना बसमध्ये ती खिडकीशी बसली. मला वाटलं आता ओरडेल, आणि मला ते हवंच होतं. माझीच पोर आहे, ओरडायला येतं तिला. पण ती हळूच म्हणाली, “काकान सांगितल्यान हुता, सायकलीर चढाच्या आदी दर खेपेक नाण्यान वाजवन बघ. टणक वाजलां तर बरां, दबकां वाजलां तर बसां नको. दोन वर्सां मी एक दिवस चुकवंक नाय.”

मी विचारलं, “मग त्या दिवशी?”

“त्या दिवशी नाय वाजवलंय,” ती म्हणाली. “तुमी हात लायललो ना.”

मला वाटलं होतं, ती तुझ्या फ्रेमवर विश्वास ठेवून पडली. ती माझ्यावर ठेवून पडली, गौरेश. तुझी फ्रेम ती रोज तपासत होती. माझं काम तिनं तपासलं नाही, कारण ते माझं होतं.

दुसऱ्या दिवशी लाटंबार्सेला गेलो. गुरवाला म्हटलं, पुन्हा गाऱ्हाणं घाल, या वेळी नावासकट. त्यानं नारळ धरून सगळ्यांदेखत म्हटलं की ह्या सगुणाच्याच हातान चूक झाली, ती पदरात घे आणि भावावरचो बोल परत घे, म्हाराजा. मागची माणसं नेहमीच्या सवयीनं जोरात म्हणाली, “होय म्हाराजा!” मग एकेकाला काय ऐकलं ते कळलं आणि माना वळल्या.

आज सकाळी डॉक्टरांनी सायकलची परवानगी दिल्यावर सुविधा पहिल्यांदा बाहेर पडली. तुझी फ्रेम तर गेली, म्हणून तिची जुनी स्टीलची काढली, ती दहावीत असताना आपण दोघांनी बनवलेली. मी पहाटेच उठून टायरमध्ये हवा भरली होती, चेन ताणली होती, सगळे नट बघितले होते. अंगणात आणून उभी केली आणि म्हटलं, जा, सगळं ठीक आहे.

तिनं खिशातून दहाचं नाणं काढलं. सायकलीपाशी उकिडवी बसली. वरची नळी, तिरकी नळी, सीटची नळी, मागच्या बारीक नळ्या, बोटभर अंतरावर नाणं वाजवत आणि कान लावून ऐकत गेली. स्टीलला नाणं वाजवून काही कळत नाही. हे तिला माहीत आहे, मीच शिकवलेलं आहे. मी तिथंच उभा होतो. ती घाई न करता शेवटच्या नळीपर्यंत गेली, मग उठली, नाणं खिशात टाकलं आणि सायकलवर बसून गेली.

सगुण